झालं म्हटल्यानंतरचा फोटो

कुवेत शहरात, मिरकाबमधल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, शिंपी आणि घड्याळवाला यांच्या मध्ये, रविकांत मठकरचा फोटो स्टुडिओ आहे. मठकरचा असं आपलं म्हणायचं. मालक कुवेती, पाटीवर नाव मालकाच्या मुलाचं, आणि त्या मुलाने दुकानाचं तोंडही कधी पाहिलेलं नाही. पण कुडाळ-सावंतवाडीकडचा कुणीही नवा माणूस इथे उतरला की पहिल्याच आठवड्यात त्याला कुणीतरी सांगतं, "बताक्याचा फोटो ना? मठकरांकडे जा." बताका म्हणजे इथलं ओळखपत्र. ते खिशात नसेल तर या देशात माणूस असून नसल्यासारखा.

रविकांतच्या कामाची एक तऱ्हा होती. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की तो म्हणायचा, ओठ मिटा, हनुवटी खाली, नजर इकडे. बटण दाबायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "झालं!" हा शब्द ऐकला की माणूस सैल पडतो. खांदे उतरतात, तोंडावर हसू येतं, कुणी मान खाजवतो, कुणी उगाच विचारतो, बरा आला ना हो? नेमक्या त्या वेळी रविकांत पुन्हा बटण दाबायचा. तो दुसरा फोटो तो कुणाला दाखवत नसे. नाव घालून ठेवून देत असे.

याला कारण होतं. तो इथे नवीन असताना गावाकडचा एक सुतार वारला. घरी भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून रविकांतने बताक्याचा फोटो मोठा करून पाठवला. त्या सुताराच्या आईने फोटो हातात घेतला आणि विचारलं, "ह्यो कोण?" ही गोष्ट रविकांतच्या कानावर आली ती त्याच्या मनातून गेलीच नाही. मेल्यावर भिंतीवर टांगलेला माणूस निदान स्वतःसारखा दिसावा, एवढीच त्याची इच्छा. पुढे जो कुणी गेला त्याच्या घरी त्याने दुसरा फोटो पाठवला. घरच्यांनी तो छातीशी धरला.

पण आपली माणसं! ती राहतात त्या फरवानिया वस्तीच्या खोल्यांमध्ये लोकांनी उलटा हिशेब मांडला. फोटो आधी निघतो, माणूस नंतर जातो. म्हणजे मठकरने दुसऱ्यांदा बटण दाबलं की तो माणूस संपला. मीठमसाला लावायला कुणाला सांगावं लागलं नाही. मग गंमत अशी होऊ लागली की "झालं" म्हटल्याबरोबर चांगले धडधाकट गवंडी, वायरमन विंचू चावल्यासारखे स्टुलावरून उडी मारायचे. एकाने तर रुमालच तोंडावर घेतला. रविकांतला हसू यायचं. रूपेशचं होईपर्यंत यायचं.

रूपेश पिंगुळीचा. रविकांतच्याच खोलीत राहायचा, एसी दुरुस्तीचं काम करायचा. पुढचा एक दात अर्धा तुटलेला आणि हसणं असं, की शेजारच्या खोलीतले इजिप्शियन भिंत ठोकायचे. बताका नवा करायचा म्हणून तो स्टुडिओत आला. फोटो झाला, रविकांत "झालं" म्हणाला, आणि हा पठ्ठ्या उडी मारायच्या ऐवजी मान मागे टाकून खदाखदा हसला. "काका, आता तो दुसरो काढतलास मां? काढा, काढा! मगे मी मेलंय म्हणून समजा!"

रविकांतनेही हसत बटण दाबलं.

पुढच्याच आठवड्यात, ऑगस्टच्या उन्हात, एका इमारतीच्या गच्चीवर रूपेश कोसळला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. विमानात पेटी चढली. त्याच्या भावाने फोन करून विचारलं, "काका, तेचो बरोसो फोटो असात तर पाठवा."  दुसरा फोटो आहे म्हटलं, तर तो काढला हे कबूल केल्यासारखं होणार. तो म्हणाला, "नाय रे बाबा. बताक्याचोच आसा." ओठ मिटलेला, डोळे वटारलेला, तुटका दात आत दडवलेला रूपेश पिंगुळीला गेला आणि भिंतीवर लागला. त्या दिवसापासून रविकांतने दुसरा फोटो काढणं सोडलं.

इथे दुपारी बाजार बंद असतो. शिंपी घरी जातो, घड्याळवाला घरी जातो. रविकांतला बसने फरवानियाला जाऊन परत यायचा कंटाळा, म्हणून तो शटर अर्धं ओढून आत डबा खातो. त्या सुनसान वेळात स्टूल करकरायला लागलं. माणूस उठताना करकरतं, तसं. एसीच्या थंड हवेने लाकूड आवाज करतं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याने ते स्टूल भंगारात दिलं आणि प्लास्टिकचं आणलं. आवाज त्याच जागेवरून येत राहिला. शेवटी त्याने भीती सोडली आणि सवय केली. घास तोंडात असतानाच तो म्हणायचा, "बस रे, बस." घरी बायकोला, कमलला, यातलं काही सांगितलं नाही. फोनवर ती विचारायची, "आवाज असो कित्याक येता तुमचो?" तो म्हणायचा, एसीमुळे.

अशात एक दिवस शेरिल नावाची बाई दुकानात आली. श्रीलंकेची, एका दवाखान्यात नोकरीला. तिला पासपोर्टचा फोटो नको होता. तिने सांगितलं की त्यांच्या देशाच्या किनाऱ्यावर एके काळी डचांचं राज्य होतं. राज्य गेलं, पण काही डच तिथल्याच बायकांशी लग्नं करून राहिले. त्यांच्या वंशातली थोडी कुटुंबं इथे कुवेतमध्ये आहेत. त्यांची आडनावं, खाणं, घरातल्या वस्तू, चेहरे, असं जे काही अजून जिवंत आहे त्याचे फोटो काढून नाताळात चर्चच्या हॉलमध्ये लावायचे होते. शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, घरोघरी यायला लागेल, जमेल का?

रविकांत तिच्याकडे बघतच राहिला. वेंगुर्ल्यात त्याच्या शाळेच्या वाटेवर डचांची पडकी वखार होती. घरची म्हातारी माणसं डचांना वलंदेज म्हणायची. आई बजावायची, भर दुपारी वखारीकडे जाऊ नको, आत वलंदेज बसलेला असतो. पोरं लांबून दगड मारायची आणि पळायची. वलंदेज म्हणजे मेलेला, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि ही बाई म्हणत होती, आम्ही आहोत की, आमची बरीच माणसं फरवानियात राहतात, चार नंबरच्या गल्लीत!

तो गेला. शुक्रवारमागून शुक्रवार गेला. बस गॅरेजमधला एक मेकॅनिक भेटला. रंग रविकांतसारखाच सावळा, डोळे मात्र राखाडी, आणि आडनाव सांगताना छाती पुढे. एका घरी केळीच्या पानात बांधून भाजलेला भात त्याच्यापुढे आला. लॅम्प्राइस म्हणतात त्याला, त्यांनी सांगितलं. पान मल्याळी बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून आणलेलं. पान उघडल्यावर जो वास आला त्याने रविकांतला थेट घरची चूल आठवली. लहानपणी ज्याला दगड मारले त्याच्या पंगतीला आपण बसलोय, असं त्याला वाटलं. त्याने भात पोटभर खाल्ला.

सगळ्यात शेवटी शेरिलची आई राहिली होती, डॅफ्नी आंटी. शहरातल्याच बनेद अल-गार भागात, एका फ्लॅटमध्ये ती लेकीजवळ राहायची. भिंतीवर पूर्वजांचे फोटो ओळीने लागलेले, सगळे कसे कोर्टात उभे केल्यासारखे. आंटीच्या मांडीवर तांब्याचा नक्षीदार साचा होता. नाताळात त्यात ब्रूडर नावाचा गोड पाव भाजतात. तिच्या पणजीपासून तो साचा चालत आलेला. आंटी ताठ बसली. पूर्वजांसारखाच चेहरा केला. रविकांतने फोटो घेतला आणि म्हणाला, "झालं!"

आंटीने सुस्कारा सोडला, साच्यावर बोटांनी ताल धरला आणि लेकीकडे बघून एक डोळा बारीक करून हसली. आणि रविकांतच्या बोटाने, त्याला न विचारता, बटण दाबलं.

 आंटीच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. "तुमने और एक लिया," ती इथे सगळेच बोलतात त्या हिंदीत म्हणाली. चुकून झालं, असं काहीतरी पुटपुटत त्याने सामान आवरलं आणि लिफ्टपाशी पोचायच्या आत तो फोटो पुसून टाकला. पुसल्यावर त्याच्या जिवात जीव आला. त्याच्या हिशेबाने त्याने एक म्हातारी वाचवली होती.

पुढच्या शुक्रवारी छापलेले फोटो घेऊन तो गेला तर दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, आंटीला हॉस्पिटलात नेलंय, छातीत दुखत होतं.  रविकांत जिन्यात बसून राहिला बिचारा. मग टॅक्सी केली. रूपेशच्या वेळी पळालो, आता पळायचं नाही, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

आंटी उशीला टेकून बसली होती. आपला ताठ फोटो तिने पाहिला आणि नाक मुरडलं. "हा माझ्या सासऱ्याजवळ लाव," ती लेकीला म्हणाली. मग रविकांतकडे वळून, "दूसरा किधर है?"

रविकांत तिथल्या लोखंडी खुर्चीवर बसला आणि आजवर कुणाला न सांगितलेलं सगळं त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगून टाकलं. सुताराची आई, फरवानियातली कुजबूज, रूपेश, भावाला मारलेली थाप, दुपारी करकरणारं स्टूल. "आणि आंटी, तुमचा फोटो मी पुसला. तुम्हाला काही होऊ नये म्हणून."

आंटी ऐकत होती. "मेरा दिल तुम्हारे कैमरे से बहुत पहले का खराब है," ती म्हणाली. त्यावर शेरिल हसली, पण आंटी हसली नाही. तिचा पारा चढत गेला. "माझा फोटो पुसलास, ठीक आहे, दुसरा काढशील. पण त्या पोराचा? उसकी हँसी तुम्हारे बाप की थी क्या, जो तुमने रख ली?"



आंटीचा आवाज मग उतरला. तिच्या नवऱ्याचा फोटो घरी भिंतीवर होता. मिशीवाला, कडक. जन्मभर त्याने तिला हसवलं होतं, जेवताना हसवून हसवून ठसका लावायचा. आणि नातवंडं त्या फोटोला काय म्हणतात? पोलीस अंकल. "ती पोरं त्याला घाबरतात रे," ती म्हणाली. "मी सांगते तो असा नव्हता. ती फोटोकडे बघतात आणि मला खोटं ठरवतात." मग तिने विस्कटलेले केस हाताने सारखे केले आणि सांगितलं, "चलो, निकालो."

रविकांतने पिशवीतून कॅमेरा काढला. पहिला फोटो त्याने घेतला, पण पुढचा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. तेव्हा आंटीच डोळा बारीक करून ओरडली, "झालं!" बाजूच्या खाटेवरची बाई दचकून जागी झाली, आंटीला हसू आवरेना, आणि रविकांतने बटण दाबलं.

नाताळात चर्चच्या हॉलमध्ये तो फोटो मधोमध लागला. त्याच्याखाली चाकाच्या खुर्चीत डॅफ्नी आंटी स्वतः बसली होती आणि चीज लावून ब्रूडर खात होती. रविकांत कोपऱ्यात उभा राहून बराच वेळ तिचं चावणारं तोंड बघत राहिला. वलंदेज जिवंत होते. ब्रूडरचा एक घास तिने रविकांतच्याही हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजार बंद झाला. रविकांतने डबा उघडला नाही. रूपेशचा तो फोटो उघडला. मान मागे, डोळे मिटलेले, तुटका दात पूर्ण दिसतोय. किती दिवसांनी तो त्याला बघत होता. त्याला रडू फुटलं, ते त्याने अडवलं नाही. मग फोटो रूपेशच्या भावाच्या मोबाईलवर पाठवून दिला आणि शिक्षा ऐकायला बसल्यासारखा फोनकडे बघत बसला.

फोन आला तो रूपेशच्या आईचा. 

"भावजी," ती म्हणाली, "ह्यो फोटो थंयचो? कुवेतचो?"

"हो, वयनी. माझ्याच दुकानातलो."

"तेचो दात दिसता." मग ती म्हणाली, "भिंतीरच्या फोटोत तो माझ्यावर रागावलेलो दिसता. मियाच तेका कर्ज काढून थंय धाडलंय. माका वाटलेला, तो थंय जावन कधी हसलोच नाय."

"हसायचो, वयनी. खूप हसायचो. शेजारचे भिंत ठोकायचे."

"मगे सांगलास कित्याक नाय?"

 घाबरलो, एवढंच रविकांत म्हणाला. आता ती फोन ठेवेल, असं त्याला वाटलं. मागे त्या जागेवरून करकर आवाज आला. त्याने वळून पाहिलं. पडद्यासमोर स्टूल रिकामं होतं.

"ठेवू नकात," ती म्हणाली. "आता सांगा. कसो हसायचो तां सांगा."

रविकांतने उरलेलं शटर खाली ओढलं, त्या स्टुलावर, रूपेशच्या जागेवर जाऊन बसला आणि सांगायला लागला.