मी न सांगितलेला अधिक महिना

माझी धाकटी जाऊ ऑस्ट्रियाला जायचं ठरवत होती, आणि ते ठरवायला तिला माझंच डायनिंग टेबल सापडलं. दिवाळीचा पाडवा होता. बोरिवलीहून ती आणि माझा दीर, दोघं फराळाला मुलुंडला आली होती. तिने चकल्यांचा डबा बाजूला सारला आणि तिथे लॅपटॉप ठेवला. मला आधी डबा सारल्याचं खुपलं, ऑस्ट्रिया नंतर.

"वहिनी, बघा ना," ती म्हणाली, "पंधरा दिवस, एकच देश. पाच दिवस या तळ्याकाठी, मग ट्रेनने हे छोटं गाव. धावपळ नाही, सकाळी सातची बस नाही. आम्ही काही बघायला जातच नाही आहोत. नुसतं निवांत बसणार."

बघायला जाणारी माणसं मला समजतात. आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं नऊ दिवसांत सात देश करून आली आहेत, आणि त्यांचे सुजलेले पाय पाहून मला त्यांचा कधी हेवा वाटला नाही. पण निवांत बसायला कोणी इतक्या लांब जातं, हे काही माझ्या घशाखाली उतरेना. सव्वीस वर्षं मी शाळेच्या ऑफिसात नोकरी केली. माझ्या सगळ्या रजा सासूबाईंच्या मोतीबिंदूत, लेकीच्या परीक्षांत आणि गणपतीत गेल्या. तिच्या सासूबाई त्याच माझ्याही सासूबाई, फक्त त्या राहतात माझ्याकडे. मी निवांत बसले ती एकदाच, पाय मुरगळला तेव्हा, आणि तेव्हाही मांडीवर निवडायची मेथी होती.

"सप्टेंबरच्या शेवटाला तिथे गायी डोंगरावरून खाली उतरतात," ती सांगत होती. "डोक्यावर फुलं, गळ्यात मोठाल्या घंटा. सगळं गाव रस्त्यावर येतं."

"म्हणजे पोळाच की. तो बघायला विमान कशाला?"

"काय वहिनी तुम्ही पण!" म्हणून ती खळखळून हसली. तिला टोमणा लागत नाही. माझ्या टोमण्यांची अशी वाट लावणारं दुसरं माणूस आमच्या घरात नाही.

मग तिने विचारलं, "वहिनी, पुढच्या वर्षी म्हाळ कधी? यंदासारखेच ना, पंचवीस सप्टेंबरच्या आत संपतात? म्हणजे ते आटोपून लगेच निघू."

आमचे सासरे मालवणकडचे. गिरणीत होते, भांडुपच्या चाळीत दोन मुलगे वाढवले. पितृपक्षात त्यांच्या तिथीला माझ्याकडे म्हाळ असतो, म्हणजे त्यांचं श्राद्ध. लॉकडाऊनच्या वर्षी दिराला बोरिवलीहून येता आलं नाही, नवऱ्याने एकट्यानेच केलं. तेव्हापासून सासूबाईंनी नियमच घातला, "म्हाळाक माका दोगव झील होये." दोन्ही मुलगे हवेत म्हणजे हवेत, आणि मुलगे आले की वडे थापायला दोन्ही सुना आल्याच.

आणि मला माहीत होतं की पुढचं वर्ष अधिक महिन्याचं आहे. दर तिसऱ्या वर्षाच्या आसपास पंचांगात हा एक महिना जादा येतो आणि त्यानंतरचे सगळे सण तेवढे पुढे ढकलले जातात. माझ्या लेकीचं लग्न त्या दिवाळीआधीच झालं होतं. पहिला अधिक, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, म्हणून सासूबाई दसऱ्यापासून माझ्यामागे लागल्या होत्या. त्या दिवशी फराळ वाढताना मी जावेपाशी त्या वाणाबद्दल कुरकुरलेही होते. म्हणजे म्हाळ थेट ऑक्टोबरात जाणार, नेमके गायी उतरून आल्यावर ही तळ्याकाठी बसणार तेव्हा.

सासूबाई आत झोपल्या होत्या. नवरा आणि दीर खाली नवी गाडी बघत होते, गाडीही दिराचीच. मी शंकरपाळ्यांचा डबा उघडून त्यात बघत म्हटलं, "दरवर्षी साधारण तेव्हाच असतात."

"झकास," ती म्हणाली आणि तिने तारखा टाकल्या.

त्या क्षणी मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलं आठवडाभर बरं वाटत होतं.

नंतर मात्र माझी जी अवस्था झाली ती विचारू नका. तिला कळावं असंही वाटे आणि कळेल याची भीतीही वाटे. जानेवारीत नवं कॅलेंडर आलं ते मी स्वयंपाकघराच्या दाराआड लावलं. नवरा म्हणाला, "अगं, दिसणार कसं ते?" मी म्हटलं, "मला दिसतं." इकडे तिचे फोटो चालूच होते. पिवळी झाडं, लाल झाडं, लाकडी बाल्कनीत दोनच खुर्च्या. आमच्या आवारातल्या बदामाची पानंही थंडी सरता सरता लाल होऊन पडतात. त्यांचे फोटो कोणी काढत नाही, सेक्रेटरी झाडूवालीवर ओरडतो. मी प्रत्येक फोटोला अंगठा पाठवायचे आणि फोन पालथा ठेवायचे. एकदा तर तिने प्रवासासाठी थालिपिठाची भाजणी मागितली आणि मी "देते हं, आठवण कर" असं म्हणूनही गेले. जी जाणारच नाही हे मला ठाऊक होतं, तिला भाजणी कबूल करण्याइतकी मी खाली उतरले होते.

मे महिन्यात गाठ सुटली. कोकणातल्या माणसाला बाकी काही नाही कळलं तरी गणपतीच्या गाडीचं बुकिंग कधी उघडतं ते कळतं. त्या रविवारी सगळे माझ्याकडे होते. दीर फोन घेऊन बसला आणि एकदम म्हणाला, "दादा, गणपती यंदा एवढे उशिरा?"

"अधिक इलो नाय?" सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "सगळा म्हयनाभर फुडे गेला."

जाऊ बोटांवर मोजायला लागली. गणपती, अनंत चतुर्दशी, मग पितृपक्ष. "म्हणजे म्हाळ आपण तिकडे असताना येणार," ती नवऱ्याला म्हणाली. मी ताटं पुसत होते, पुसलेलीच परत पुसत होते. आता ती म्हणणार, वहिनी, मी तुम्हाला विचारलं होतं. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, माझ्या लक्षातच आलं नाही गं.

"म्हाळ सोडून खंय चललास?" सासूबाईंनी दिराला विचारलं. त्यांचा आवाज चढला होता. "कोणी सांगल्यान तुमका ही तारीख?"

"कोणी नाही, आई," जाऊ म्हणाली. "मीच न बघता ठरवलं. माझीच चूक."

माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. सासूबाई तिला अर्धा तास बोलल्या, शिकलेल्या सुनांवरून सुरू झाल्या आणि तिच्या माहेरापर्यंत पोचल्या. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मी तिथेच उभी राहून तेच ताट पुसत राहिले. आता हेवा वाटायला नवं कारण मिळालं होतं, कारण तिच्या जागी मी असते तर पहिल्या वाक्याला जावेचं नाव घेतलं असतं.

प्रवास महिनाभर पुढे गेला. तोवर गायी खाली येऊन गोठ्यात बांधलेल्या असणार, आणि तळ्याकाठचं ते घर हंगाम संपला म्हणून बंद होतं. तिने दुसरं काहीतरी शोधलं, पण फोटो पाठवणं थांबवलं. फोटो येत होते तेव्हा मला राग यायचा, आणि आता फोन वाजला की मी धावत जाऊन बघायचे.

म्हाळाच्या दिवशी ती सकाळी सातला हजर झाली. मुलगे बाहेर गुरुजींबरोबर होते. मी खीर ढवळत होते, ती माझ्या शेजारी वडे थापत होती, मीठ द्या, पाणी घ्या, एवढंच बोलत. शेवटी मलाच राहवेना.

"जळले गं मी तुझ्यावर," मी म्हटलं. "अधिक आहे हे मला माहीत होतं. मुद्दाम नाही सांगितलं."

तिचा हात थांबला नाही. "मे महिन्यातच कळलं मला. वाणाचं तुम्हीच तर दिवाळीत बोलला होतात, म्हणजे अधिक तुम्हाला ठाऊकच होता."

"मग तेव्हा आईंसमोर का नाही बोललीस?"

"बोलून काय करणार होते? तुम्हाला त्यांच्याबरोबर राहायचंय, मला फक्त अर्धा तास ऐकायचं होतं."

तिने वडा तेलात सोडला आणि तो फुगेपर्यंत बघत राहिली. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"पंचांग माझ्या फोनमध्येही आहे, वहिनी. पण तुम्ही सांगितल्यावर मी ते कशाला उघडून बघू?"