मे महिन्याची हजेरी

“सानिका भोसले,” मी नाव पुकारलं.

“हजर,” म्हणून जो उठून उभा राहिला, त्याला मिसरूड फुटलं होतं.

सगळी पंगत खिदळली. मी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि यादी पुन्हा बघितली. सानिका भोसले, इयत्ता चौथी, मुलगी. समोरचा गडी किमान आठवीतला. एका हाताला आमटी-भात लागलेला, आणि खाली बघून गालातल्या गालात हसतोय.

“तू सानिका?”

“तशी न्हाय,” तो म्हणाला, “पण व्हय.”

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

मी शाळांच्या पोषण आहाराचा पर्यवेक्षक होतो. आता रिटायर झालोय, म्हणून मोकळेपणानं लिहितोय. पर्यवेक्षक म्हणजे शाळेत जाऊन ताटात काय पडतंय, किती पडतंय आणि ज्याच्या नावानं पडतंय त्याच्याच पोटात जातंय का, हे बघणारा माणूस. आम्ही आलो की सगळ्यांचे चेहरे पडतात. त्याची सवय होते. पुढं पुढं तर चेहरा पडला नाही की संशय यायला लागतो.

शाळा चालू असताना दुपारचं जेवण शाळेत मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. सुट्टी लागली की चूल बंद. त्या वर्षी आमच्याकडं ठरलं, की कोल्हापूर शहरात जिथं आई-बाप दोघंही कामावर जातात अशा वस्त्यांजवळच्या काही शाळांत मे महिन्यातही जेवण चालू ठेवायचं. चांगला निर्णय होता. आजही मी तसंच म्हणेन. ज्या मीटिंगमध्ये तो झाला तिथं मीही होतो. जेवण कुणाला द्यायचं यावर दोन तास काथ्याकूट झाला. शेवटी सोपी वाट निघाली. शाळेच्या पटावर ज्याचं नाव, त्याला जेवण. पट म्हणजे शाळेत नाव घातलेल्या मुलांची यादी. मुख्याध्यापिकेनं रोज जेवणाआधी मोबाइलच्या ॲपवर हजर मुलांच्या नावापुढं टिक करायची. त्या टिकांवर पुढच्या आठवड्याचा तांदूळ. हजेरी निम्म्याच्या खाली गेली की केंद्र बंद. झालं, चहा-बिस्किटं आली, मीटिंग संपली.

दोन आठवडे बरे गेले. मग मंगळवार पेठेतल्या एका शाळेबद्दल ऑफिसात निनावी फोन आला. “तितं बोगस हजेरी चाललीया,” एवढंच बोलून माणसानं फोन ठेवला.

आमच्या कामात बोगस हजेरीचा अर्थ एकच. मोबाइलवर पोरं जास्त, पंगतीत कमी आणि मधल्यामधला तांदूळ बाजारात. माझ्या वरिष्ठ मगदूम मॅडम म्हणाल्या, “न सांगता जा. आणि नीट बघा, तिथं काहीतरी पाणी मुरतंय.”

मी तापूनच निघालो. ऊन होतंच, पण मी आतूनही तापलो होतो. पोरांच्या तोंडचा घास काढणाऱ्याइतका राग मला दुसऱ्या कुणाचा येत नाही.

बाराला पोचलो. व्हरांड्यात पंगत नुकतीच बसली होती. मुख्याध्यापिका चौगुले बाई मला बघून खुर्चीतून उठल्या आणि उभ्याच राहिल्या. स्वयंपाक करणाऱ्या शांतामावशी आमटीचं भगुणं घेऊन वाढत होत्या. त्यांनी फक्त मान वर केली आणि वाढत राहिल्या.

ॲपवर बहात्तर टिक होत्या. मी पोरं मोजली. बहात्तर. दुसऱ्या टोकाकडून मोजली, तरी बहात्तर. खरं तर मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण मी चोर पकडायला गेलो होतो, आणि चोरच सापडेना म्हटल्यावर डोकं जास्त फिरलं. आमटीची चव घेतली. आम्हाला ती घ्यावीच लागते. पुडीतल्या मसाल्याला असली चव येत नाही. मावशीनं घरची कांदा-लसूण चटणी घातली होती. झकास झाली होती. तेही नियमात बसत नव्हतं, तेही मी मनात टिपून ठेवलं.

मग म्हटलं, नावं घेऊ या.

सानिकाचं काय झालं ते सांगितलंच. त्यानंतर पाचवीतला अथर्व म्हणून एक एवढंसं पोरगं उठलं, त्याचे पुढचे दोन दात पडलेले. एका नावावर दोघं उभे राहिले आणि एकानं दुसऱ्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं. बसलेला आपल्याला कुठलं नाव दिलंय ते विसरला होता. आता मला चेव आला. पेन काढून मी नावापुढं फुल्या मारायला लागलो. आता पोरं हसायची थांबली होती, आणि जेवायचीही. मला त्याचं भान नव्हतं.

“आराध्या पोवार.”

कुणी उठेना.

“आराध्या पोवार कोण?” मी आवाज चढवला.

ओळीच्या टोकाची एक मुलगी सावकाश उठली. सात-आठ वर्षांची असेल. दोन वेण्या घट्ट बांधलेल्या, फ्रॉक धुतलेला.

“मी. पर मी आराध्या न्हाय,” ती म्हणाली. “माझं नाव गौरी. आराध्या माझ्या आत्याची पोरगी. ती तिच्या धाकल्या मामाकडं गेलीया, बिद्रीला.”

“आणि तू कुठली?”

“आजऱ्याची.”

“मग आराध्याच्या नावावर का बसलीस?”

हा प्रश्न छप्पन्न वर्षांच्या माणसानं आठ वर्षांच्या पोरीला, भरल्या पंगतीत, ताट समोर असताना विचारला. तो माणूस मीच.

तिनं वाकून दोन्ही हातांनी ताट उचललं, शांतामावशींच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.

“मावशी, ह्यातलं मी कायबी खाल्लेलं न्हाय,” ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “मावशीला वरडू नगासा.”

आणि गेटातून बाहेर गेली. पळाली नाही, चालत गेली.

मला लाज वाटली. ती लपवायला मी यादीत डोकं घातलं.

“जेवा रं पोरांनो, आमटी गार व्हायली,” मावशी पंगतीला म्हणाल्या. मग पदराला हात पुसत माझ्यासमोर आल्या. “झालं का समाधान, सायेब?”

“मावशी, हे काय चाललंय?”

“काय चाललंय? मे म्हयना चाललाय! पेठेतली निम्मी पोरं मामाच्या गावाला गेली. आणि गावाकडची पोरं हितं आत्याकडं, मावशीकडं आली. दरसाल असंच असतंय की. तुमच्या यादीतली पोरं तिकडं आंबं खात बसल्यात, आणि यादीत न्हाईत ती हितं दारात हुभी ऱ्हात्यात. आत्या सकाळी नऊला कामावर जाती, ती पाचला येती. हाकलू व्हय त्यास्नी?”

“पण दुसऱ्याच्या नावावर?”

“दुसऱ्याच्या कुठल्या? आत्याच्या पोरीच्या नावावर भाची बसली. ज्या घरचं ताट, त्याच घरात दिलं. ह्या घरचं त्या घरात एकबी केलं न्हाय, इचारा कुणालाबी. सानिका घरात एकटीच पोर, ती गावाला गेली आणि भाचा आला, म्हणून तो सानिका. मी काय करू? तुमच्या मोबाइलात भाचा घालायला जागा हाय का?”

नव्हती.

चौगुले बाई पुढं आल्या आणि म्हणाल्या, “सर, टिक मी करते. पहिल्या आठवड्यात खरी हजेरी भरली असती, तर निम्म्याच्या खाली गेली असती. केंद्र बंद झालं असतं. जे काय करायचं ते माझ्यावर करा. मावशींचं काम घालवू नका, त्यांचं घर त्याच्यावर चालतं.”

मी कपाळावर हात मारला. मी स्वतः लहानपणी एकही मे महिना कोल्हापुरात काढलेला नाही. परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी एसटी. आणि त्या मीटिंगमध्ये बसलेले आम्ही सगळे ह्याच जिल्ह्यातले. दोन तास बोललो, आणि मे महिन्यात पोरं घरी नसतात ही गोष्ट एकाच्याही ध्यानात आली नाही. परक्या मुलखातल्या साहेबानं ही चूक केली असती तर आम्ही वर्षभर त्याची टिंगल केली असती.

पण कागदावर तो गुन्हाच होता. खोट्या नावावर लाभ. तसा अहवाल गेला असता तर बाईंवर कारवाई, मावशींचं काम बंद आणि केंद्राला कुलूप. म्हणजे ती बहात्तर पोरं जून उजाडेपर्यंत डब्यात जे असेल त्यावर. आणि अहवाल दिलाच नाही, तर उद्या दुसरा फोन आल्यावर मी खोटा पडणार.

मी ऑफिसात गेलो आणि पाहिलं ते सगळं जसंच्या तसं लिहिलं. सानिका, अथर्व, सगळं. गौरीचंही लिहिलं, ताट परत ठेवल्याचं. अहवालात असलं लिहायची पद्धत नाही.

मगदूम मॅडमनी वाचलं. “म्हणजे बोगस आहेच की.”

“नावं बोगस आहेत, मॅडम. पोरं खरी आहेत. तांदूळ पोटातच गेलाय.”

“नियम नावाचा आहे, पोटाचा नाही.”

“मॅडम, तुमची मुलं सध्या कुठं आहेत?”

“त्याचा इथं काय संबंध?”

“सांगा तरी.”

“माझ्या भावाकडं,” त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. त्यांनी अहवाल परत पहिल्यापासून वाचायला घेतला.

वाचून झाल्यावर म्हणाल्या, “उद्यापासून जो येईल त्याला जेवायला घाला. तोंडी सांगतेय. कागद मी वरून आणते.”

“आणि बाईंचं?”

“खोटी टिक केलीय, मेमो द्यावाच लागेल. नाहीतर उद्या खरा चोरसुद्धा हेच कारण सांगेल. मेमो तुम्हीच तयार करा.”

त्यांचं चुकीचं नव्हतं. मी मेमो तयार केला. मावशींना समज देऊन सोडलं. चटणीचा उल्लेख मी कुठंच केला नाही.

चौथ्या दिवशी सहीचा कागद आला. ‘बाहेरगावाहून तात्पुरते वास्तव्यास आलेले विद्यार्थी’ यांची वेगळी नोंद वहीत ठेवावी आणि तेवढा तांदूळ वाढवून द्यावा, असा आदेश होता. मावशींनी वहीची दोन पानं आखली आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘पावणी पोरं’. मिसरूडवाल्याचं नाव प्रणव निघालं. ते त्यानं स्वतः लिहिलं, आडव्यातिडव्या सहीसकट.

“गौरी आली का?” मी विचारलं.

“त्या दिसापास्नं न्हाई आली. निरोप धाडलावता, तरी न्हाई.”

“घर माहीत आहे?”

“हाय की. तिची आत्या पाचला येती.”

साडेपाचला आम्ही दोघं गेलो. मला वाटत होतं, आपण स्वतः घरी जाऊन बोलावलं की पोरगी येईल. आपल्याकडं जेवायचं आमंत्रण घरी जाऊनच करतात. काय बोलायचं तेही मी रस्त्यात जुळवलं होतं.

आत्या नुकतीच कामावरून आली होती. एका खाणावळीत भांडी घासायचं काम. मावशीला बघून तिनं आत बोलावलं, मला पाणी दिलं.

“गौरीला बोलवायला आलो,” मावशी म्हणाल्या. “शाळंत आता तिच्याच नावावर जेवण हाय.”

“ती काल गेली की आजऱ्याला. भाऊ येऊन घिऊन गेला.”

“का गं?”

“कुणास ठावं. चार दिस आधी शाळंतनं तशीच आली, परत गेलीच न्हाई. मी सकाळची भाकरी झाकून ठिवत हुते, ती खायाची. म्हटलं, जा की गं जेवायला, पोरं हायत सोबतीला. तर म्हणाली, नगं, तितं नाव इचारत्यात. मग रडायलाच लागली, म्हणून भावाला फोन केला.”

“तिकडं दुपारी घरी कोण असतं?” मी विचारलं.

“कोण असणार, पावणं? वहिनी काजूच्या कारखान्यात, भाऊ सेंट्रिंगच्या कामावर. दुपारचं कोण न्हाई, म्हणून तर हितं आणलती.”

तिकडं मे महिन्यात जेवण नव्हतं. ती योजना आमच्या शहरापुरती होती.

मी कोण हे आत्याला माहीत नव्हतं. मावशींनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, तेवढी हिंमत झाली नाही. पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि उठलो. वाटेत मावशी माझ्यापुढं चार पावलं चालत राहिल्या. त्या शिव्या घालतील तर बरं, असं मला वाटत होतं.

केंद्र शाळा उघडेपर्यंत चाललं. पाव्हण्यांच्या दोन पानांची पाच पानं झाली. पुढच्या वर्षी ॲपमध्येही तशी जागा केली आणि त्याबद्दल आमच्या ऑफिसचं कौतुक झालं. चौगुले बाईंचा मेमो मात्र त्यांच्या फाइलला आहे, माझ्या अक्षरात.

त्यानंतर माझी नोकरी दोन वर्षं उरली होती. त्या दोन वर्षांत मी व्हिजिटची वेळ बदलली. बाराला जायचो, ते पाऊणला जायला लागलो. तोवर पोरं हात धुऊन खेळायला लागलेली असतात. नावं तेव्हाही विचारता येतात, आणि खोटं असेल तर तेव्हाही सापडतं. फक्त कुणाचं ताट परत जात नाही.