मजकूर तुमचा, अ माझा

कागद मशीनमधून खर्रकन ओढायचा, उन्हाकडे धरायचा, त्यातली मोकळी घरं बोटाने मोजायची आणि मग सुतळीने मशीनला बांधलेलं शाईचं पेन उचलायचं. एकेका मोकळ्या घरात एकेक ‘अ’ काढायचा, प्रत्येकावर हलकी फुंकर मारायची, आणि कागद गिऱ्हाइकाच्या हातात देताना म्हणायचं, "घ्या. मजकूर तुमचा, अ माझा."

चाकणच्या बाजारात रशीदभाईंच्या सायकल दुकानापुढे पत्र्याची पडवी होती. तिथे एका डुगडुगत्या टेबलावर काका मराठी टाइपरायटर मांडून बसायचे. डोक्यावर काळी टोपी, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त होऊन आले होते. नाव सगळ्यांना माहीत होतं, पण म्हणायचे सगळे काकाच.

त्यांच्या मशीनमधली ‘अ’ची काडी मोडलेली होती. आता तुम्ही म्हणाल, एका अक्षराने काय बिघडतं. अहो, अ नाही म्हणजे आ नाही, ओ नाही, औ नाही. त्यात आपली सरकारी मराठी. अर्ज, अर्जदार, अधिकारी, अध्यक्ष, आदेश, आवक. ‘अ’शिवाय सरकारचं पान हलत नाही. काका अ च्या जागी एक घर मोकळं सोडायचे आणि नंतर हाताने भरायचे. मजकूर काळा, अ निळे. पोट फुगलेला, शेपूट जरा वर उचललेली, असा त्यांचा अ असायचा. अख्खा तालुका तो ओळखायचा.

रशीदभाई रोज म्हणायचे, "काका, दोन मिनटाचं काम हाय. काडी द्या, झाळून देतो."

काका म्हणायचे, "मग मी कशाला हवा? मशीनच पाठवा घरोघर."

मी तेव्हा चाकणपासून तीन मैलांवरच्या एका गावात ग्रामसेवक होतो. ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात आणि सगळ्याला जबाबदार धरतात. पिंपरी-भोसरीकडे कंपन्या उभ्या राहिल्या होत्या, आमच्या गावची पोरं शिफ्ट धरायला पहाटे सायकली हाणायची; पण चाकणला अजून कांद्याचा बाजारच मोठा होता. बाजारच्या दिवशी मी सायकल रशीदभाईंकडे टाकायचो आणि काकांच्या बाकावर बसून चहा प्यायचो. त्यामुळे पुढचं सगळं मी समोरून पाहिलेलं आहे, ऐकीव नाही.

काकांचा एक नियम होता. "मी वाचत नाही, उतरवतो." सकाळी थोरला भाऊ धाकट्याविरुद्ध अर्ज टाइप करून न्यायचा, दुपारी धाकटा त्याचं उत्तर. काका दोघांना त्याच तोंडाने या-बसा म्हणायचे आणि याचं त्याला कधी कळू द्यायचे नाहीत. अशी माणसं आता सापडत नाहीत. तेव्हाही फार नव्हती.

आमच्या गावातल्या हौसाबाई दरवर्षी त्यांच्याकडे यायच्या. कांदे विकायचे, पाटी रिकामी करायची आणि येऊन काकांच्या बाकावर बसायचं. अर्ज एकच. खालच्या आळीला पाण्याचा नळ मिळावा. खालच्या आळीच्या बाया ओढ्यातल्या झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरायच्या, आणि नळ वरच्या आळीला येऊन थांबला होता. हौसाबाईंचा अर्ज मी वर पाठवायचो, तो वरून परत यायचा, की त्या पुन्हा काकांपुढे हजर. काकांनी मजकूर विचारणंही सोडून दिलं होतं.

हौसाबाईंना अक्षर येत नव्हतं. पण इतकी वर्षं शेजारी बसून एक अक्षर मात्र त्यांना पक्कं आलं होतं, आणि ते कोणतं हे सांगायला नको. काका पेन चालवायचे आणि ह्यांचं बोट कागदावर फिरायचं.

"काका, हितं ऱ्हायला बघा."

"कुठे?"

"ह्यो काय. घर रिकामं हाय."

"राहिला खरा," म्हणून काका तो भरायचे. पण तसं क्वचितच. एरवी बोट शेवटपर्यंत जायचं आणि हौसाबाई समाधानाने म्हणायच्या, "समदे हाईत." त्यांच्या लेखी अर्जात तेवढंच वाचण्यासारखं होतं.

पुढे पंचायतीची निवडणूक आली. बायांसाठी राखीव जागा होती, त्यावर हौसाबाई सदस्य झाल्या. नऊ सदस्य. सरपंच गावचे पुढारी नानाच होणार, हे गाव धरून चाललं होतं, आणि नानांनी तर हारही सांगून ठेवला होता. पण नानांच्या विरोधातल्या मंडळींना आपसात एक नाव ठरवता येईना, म्हणून त्यांनी चिडून हौसाबाईंचं नाव पुढे केलं. हात वर करून मतं घेतली. नानांना चार, हौसाबाईंना पाच. पाचवा हात बाळू पहिलवानाचा होता. तो नानांचा माणूस, पण त्याची आई खालच्या आळीतली, आणि तिने सकाळी त्याला दारात अडवून सांगितलं होतं, "हौसाला हात वर कर, न्हाईतर घरी येऊ नगंस."

हौसाबाई खुर्चीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, पयला ठराव नळाचा लिवा." मी लिहिला. तो मंजुरीला वर गेला.

नाना गप्प बसणाऱ्यातले नव्हते. बाळूला फोडायचं, त्याच्यासकट पाच सह्या गोळा करायच्या आणि सरपंचपदाची निवडणूकच रद्द करून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. निवडणूक गेली की ठराव गेला, आणि नळ पुन्हा ओढ्यात. त्यासाठी सदस्यांमध्ये चिठ्ठ्या सुरू झाल्या. नाना मोठे सावध. म्हणाले, "हाताचं अक्षर ओळखू येतं, राव. चिठ्ठ्या टाइप करून घ्या."

आणि टाइप करून घेतल्या कुठे, तर काकांकडे.

आता काकांचा एक दोष असा, की त्यांना साधं लिहिताच येत नसे. तीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस. पहिली चिठ्ठी बाळूला मिळाली. पहिलवानाला सही येत होती, वाचता येत नव्हतं. तो सरळ पंचायतीत माझ्याकडे आला आणि दार लोटून घेतलं.

"भाऊसाहेब, एवढं वाचून दाखवा. गुपित हाय. कुणाला बोलू नगा."

चिठ्ठीवर कुणाचं नाव नव्हतं. निळे अ मात्र ओळीने बसले होते. मी वाचलं:

"विषय : गुप्त बैठकीबाबत. संदर्भ : आपली तोंडी चर्चा. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मंगळवारी दुपारी नेहमीच्या मळ्यात उपस्थित राहावे. सदर बाब ग्रामसेवकास कळू देऊ नये. वाचून फाडावे. आपला विश्वासू. प्रत : माहितीसाठी."

मी थांबलो. बाळू म्हणाला, "ग्रामसेवकास, म्हंजी?"

"म्हणजे मला कळू द्यायचं नाही."

बाळूने बराच विचार केला. "मग तुमी ध्यानात ठिवू नगा," म्हणाला. दारापर्यंत जाऊन परत वळला. "फाडतो मी. पण ती प्रत कुणाला द्याची?"

दुसरी चिठ्ठीही त्याने माझ्याकडेच आणली. "विषय : सदस्यास सांगवी येथे हलविण्याबाबत." आईने पुन्हा गाठू नये म्हणून त्याला नानांच्या मेव्हण्याकडे सांगवीला नेऊन ठेवायचं होतं.

"सदस्यास म्हंजी कुणाला?"

"तुलाच."

"असं व्हय. जेवणाचं काय लिवलंय का बघा."

मी काकांना म्हटलं, "काका, ही कसली गुप्त पत्रं? अ बघून शेंबडं पोर सांगेल कुठून आली."

"नानांनी गुप्त म्हणून सांगितलं, मी ‘गुप्त’ टाइप केलं," काका म्हणाले. "मी वाचत नाही, उतरवतो."

पण त्या दिवसांत त्यांचा चहा कपात तसाच गार व्हायचा, हे माझ्या लक्षात आलं होतं.

अर्जाच्या मुदतीचा शेवटचा दिवस आला. दुपारी नाना बाकीच्या चौघांना घेऊन काकांसमोर उभे. बाळू सांगवीहून चार दिवसांत चांगला भरून आला होता. तीन वाजेपर्यंत वरच्या कचेरीत अर्ज पोचवायचा होता आणि एसटी सुटायला आली होती. माझ्या सायकलचं पंक्चर निघत होतं, म्हणून मी तिथेच होतो. नानांनी मजकूर सांगितला. बाळूचा हात गैरसमजुतीने वर झाला, सभेत गोंधळ झाला, सबब सदर निवडणूक अवैध ठरवावी. काकांची बोटं चालली होती. तीन प्रती निघाल्या.

काकांनी कागद उन्हाकडे धरले, घरं मोजली आणि पेन उचललं. अ भरत भरत ते शेवटच्या ओळीपर्यंत आले. तिथे पेन टेकलं आणि थांबलं. मला वाटलं शाई संपली. त्यांनी फुंकर मारली आणि कागद पुढे केले.

"घ्या. मजकूर तुमचा," ते म्हणाले.

पुढचं बोललेच नाहीत. मला ते खटकलं, पण एसटीने हॉर्न दिला आणि पाची जण टेबलावर वाकून सह्या करायला लागले. वाचलं कुणीच नाही. काकांचा कागद वाचायची चाकणात पद्धतच नव्हती.

वरच्या कचेरीत अर्जाची शेवटची ओळ तेवढी वाचतात, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण ते इतकं खरं असेल असं वाटलं नव्हतं. पंधरा-वीस दिवसांनी हुकूम आला. "अर्जदार सदस्यांच्या विनंतीनुसार सदर निवडणूक वैध ठरविण्यात येत आहे." मी तीनदा वाचला. सोबत अर्जाची एक प्रत जोडलेली होती.

सभेत वाचून दाखवला तेव्हा नाना, बाळू आणि बाकीचे समोर बसले होते. बाळूने विचारलं, "म्हंजी आपुन जिंकलो का?"

हौसाबाईंनी अर्जाची प्रत माझ्या हातातून घेतली. सवयीने त्यांचं बोट कागदावर फिरायला लागलं. वरून खाली, ओळीमागून ओळ. शेवटच्या ओळीत ते थांबलं.

"भाऊसाहेब, हितं अ ऱ्हायला व्हय?"

"राहिला," मी म्हटलं.

त्यांनी त्या रिकाम्या घरावर बोट तसंच ठेवलं. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "त्यांच्याकडनं ऱ्हात न्हाई कदी."

नाना तडक चाकणला गेले. मीही मागोमाग सायकल हाणली, न जाणो म्हातारा माणूस. पण नानांनी आवाज चढवला नाही. टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाले, "काका, अ कुठं हाय?"

"राहिला," काका म्हणाले. "चूक माझी. तसं लिहून देतो."

"मुदत गेली, आता काय लिहून देता? पाच जणांनी सह्या केल्या, कुणी डोळा फिरवला न्हाई. का, तर काकांचा कागद हाय. तुमच्यावर भरवसा व्हता, काका." एवढं बोलून नाना गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका टोपी काढून बसले. मी त्यांना टोपीशिवाय पहिल्यांदाच पाहत होतो. मीच विचारलं, "काका, खरंच राहिला?"

"मी वाचत नाही म्हणतो ना भाऊसाहेब, ते खोटं आहे. बोटांना कळतंच. त्या बाईचा नळाचा अर्ज माझ्या बोटांना पाठ आहे. शेवटच्या ओळीत पेन टेकवलं आणि वाटलं, आता तिचं बोट इथे येईल आणि म्हणेल, समदे हाईत." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "अ माझा होता ना? नाही द्यावासा वाटला."

खरं म्हणजे मी हे वर कळवायला हवं होतं. मी ती प्रत फाइलला लावली आणि फाइल कपाटाच्या तळाशी ठेवली. आज सांगतो, कारण आता मला कुणी निलंबित करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी आपण होऊन काडी काढून रशीदभाईंच्या हातात ठेवली. रशीदभाई म्हणाले, "काका, इतकी वर्षं मागत व्हतो तवा न्हाई दिली."

"हात भरवशाचा राहिला नाही," काका म्हणाले.

काम दोन मिनिटांचंच होतं. त्यानंतर काकांचे अ मशीनचे झाले, काळे, सगळ्यांच्या उंचीचे. नानाही पुन्हा त्यांच्याकडेच यायला लागले, फक्त आता सही करण्याआधी चष्मा लावून शेवटची ओळ वाचायचे. काका कागद द्यायचे आणि "घ्या" म्हणायचे, तेवढंच.

खालच्या आळीला पुढच्या वर्षी नळ आला. हौसाबाई पहिल्या पाण्याचा तांब्या घेऊन चालत चाकणला आल्या, काकांना प्यायला दिला आणि बाकावर बसल्या. मशीनमध्ये कुणाचा तरी कागद अर्धा होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"काका, घरं कुठं गेली?"

"मशीन दुरुस्त केलं, हौसाबाई."

"मग आता मी कशावर बोट ठिवू?"

काकांनी तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी संपवलं.

माझी बदली झाली. काका थकले, मशीन घेऊन लेकीकडे गेले. दोनेक वर्षांनी मला एक पाकीट आलं. आत लेकीची चिठ्ठी होती: बाबा गेल्या महिन्यात गेले, हे पत्र मशीनवरच राहिलं होतं, म्हणून पाठवते आहे.

पत्र मशीनचं, स्वच्छ. "विषय : खालच्या आळीच्या नळाबाबत. महोदय, सदर नळास अद्याप पाणी येते किंवा कसे, याबाबत अवगत करावे." अ सगळे काळे, एका ओळीत. फक्त शेवटी, जिथे ‘आपला’ लिहून माणूस खाली नाव घालतो, तिथे एक घर मोकळं सोडलं होतं. काना मशीनचा होता. अ निळा होता, पोट फुगलेला, शेपूट जरा वर उचललेली.

मी कागद उन्हाकडे धरला. शाई केव्हाचीच वाळलेली होती. तरी मी हलकी फुंकर मारली.