रांजणाच्या खोलीतल्या तिघी

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात पद्मावतीबाईंचा जीव रोज शाळा सुटेपर्यंत टांगणीला लागलेला असे. हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या एका खासगी मराठी शाळेत त्या पहिलीला शिकवत. रझाकारांच्या बातम्यांनी लोक धास्तावलेले. वर्गातली सव्वीस पोरं सतरावर आली होती.

त्यातच सुमन आली. बिदरकडचं गाव सोडून आईबरोबर काचीगुड्यात मामाकडे राहिलेली सात वर्षांची पोर. महिना झाला तरी तोंडातून शब्द नाही. कुठं दार आपटलं की बाकाखाली शिरायची.

मुख्याध्यापक भगवंतराव म्हणाले, "बाई, हिचं नाव काढा. बाकीची पोरं बिथरतात."

"एक महिना द्या," बाई म्हणाल्या खऱ्या, पण करायचं काय, हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं?

त्यांनी छडी कपाटावर टाकली. सुमनच्या आईला, चतुराबाईला, वर्गात मागे बसवलं. ते बघून दुसऱ्या आया विचारू लागल्या, "आम्ही पण येऊ काय?" मग पाळ्याच लागल्या. कुणी गल्लीतली पोरं गोळा करून आणी, कुणी मधल्या सुट्टीत गोष्ट सांगे.

"शाळा आहे का हळदीकुंकू?" भगवंतराव कुरकुरले. पण पोरं तेवीस झाली, तसे गप्प बसले.

सप्टेंबरात एका दुपारी बाजारात ओरडा झाला, "दंगा! दंगा!" दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. पाळीच्या आयांनी पोरांना मागच्या वर्गात नेलं. बाईंनी डोकी मोजली. तीन कमी. सुमन, आणि वर्गातल्या सगळ्यांत धाकट्या दोघी.

चतुराबाई रस्त्याकडे धावणार, तोच बाईंनी तिचा हात धरला. "थांबा, आधी आत बघू." बाकांखाली बघितलं, जिन्याखाली बघितलं. शेवटी पाण्याचे रांजण ठेवायच्या खोलीतून कुजबुज आली.

"खिडकीच्या खाली बसा. रडू नका. आईनं मला असंच बसवलं होतं. संपतं ते, थोड्या वेळानं संपतं."

सुमन बोलत होती. दोन्ही धाकट्या तिच्या कुशीत होत्या. दारात उभ्या बाईंना बघून ती म्हणाली, "तुम्ही पण खाली बसा ना, बाई."

बाई ओल्या फरशीवर बसल्या. त्यांच्यामागे चतुराबाई, तोंडात पदर कोंबून.

दंगा ही निव्वळ अफवा निघाली. पुढच्याच आठवड्यात भारताच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, शाळा पुन्हा भरली. आयांच्या पाळ्या चालूच राहिल्या. आता तर भगवंतरावच फळ्यावर पाळीची नावं लिहीत. सुमन बोलू लागली, पण दार वाजलं की अजून दचकायची.

दिवाळीनंतर चतुराबाई गावी परत निघाली. बाई स्टेशनवर गेल्या.

"गावात शाळा आहे ना?"

"होती, बाई. मास्तर पळून गेले. आले परत तर असेल."

"आणि नाही आले तर?"

चतुराबाईनं पोरीला डब्यात चढवलं. "पाच-सहा आया आहोत गावात," ती म्हणाली. "बसू कुठंतरी पोरं घेऊन."

गाडी हलली. बाई डब्याच्या खिडकीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेल्या.