सातव्या ओळीतले सीताफळ

“मोहाची हाय. झोपू द्या, उतरली का जाते घरी,” कंपाउंडर म्हणाले आणि त्यांनी स्ट्रेचर भिंतीकडे सरकवले.

स्ट्रेचरवर देवाजी होता, लाखनीकडचा तिशीतला शेतकरी. अर्धवट शुद्धीत, श्वास खोल आणि घाईचा. त्या श्वासाला गोड वास होता. दिवस चैत्राचे, गावोगावच्या अंगणांत दारूसाठी मोहफुले वाळत होती. अशा दिवसांत गोड वासाच्या, झिंगलेल्या माणसासाठी दुसरे कारण कोणी शोधत नसे.

“ते पेत नाहीत जी,” त्याची बायको यशोदा म्हणाली.

“साऱ्याइच्या बायका असंच सांगतेत, बाई.”

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी एका लहान सरकारी दवाखान्यात नर्सिंगची विद्यार्थिनी होते. रुग्णाजवळ बसून निरीक्षण-नोंद लिहिणे हे माझे काम. जे दिसते, ऐकू येते, ज्याचा वास येतो, ते नोंदीत लिहायचे. डॉक्टर ती वाचून पुढचे ठरवत. वडिलांनी मला अक्षरांआधी कविता शिकवली होती, त्यामुळे साधे वाक्य माझ्या हातून उतरतच नसे.

मी देवाजीच्या तोंडाजवळ वाकले. मोहाचा वास माझ्या ओळखीचा होता. जड, आंबूस, घशाला चिकटणारा. हा तसा नव्हता. फडताळात विसरलेल्या, अति पिकलेल्या सीताफळाचा होता. जीभ कोरडी, भेगाळलेली.

“हप्ता झाला जी,” यशोदा सांगत होती. “पानीच पानी मांगून राह्यले. घडीघडी लघवीले जातेत.”

मी सगळे लिहिले. पानभर लिहिले आणि ओपीडीत डॉक्टरांपुढे ठेवले. बाहेर रांग होती. त्यांनी मोठ्याने वाचले, “‘खिडकीच्या गजांच्या सावल्या त्याच्या छातीवर वर-खाली होत आहेत, जणू तळ्यावरच्या लाटा...’” तिसऱ्या ओळीला ते थांबले. “छान लिहिता. पण यात पेशंट कुठे आहे?” कागद परत आला. कंपाउंडरांचे निदान कायम राहिले. मला तोंडाने एक वाक्य बोलता आले असते. ते सुचले नाही.

पाऊण तासाने आमच्या ट्यूटर, मेश्राम सिस्टर, वह्या तपासायला आल्या. त्यांचा एक नियम होता: दर शनिवारी वहीच्या शेवटच्या पानावर आपल्याच लेखनाचे गुणदोष आपणच लिहायचे. मी सकाळीच लिहून ठेवले होते, ‘गुण: उपमा. दोष: अक्षर.’

“अक्षराचं काय घेऊन बसलीस,” त्या म्हणाल्या आणि वहीत खोचलेला ताज्या नोंदीचा कागद वाचू लागल्या. बोट एकेका ओळीवरून सरकत सातव्या ओळीवर थांबले.

“हे सीताफळ काहून आणलं इथं? कविता आहे, का खरंच वास आला?”

“खरंच आला, सिस्टर. मोहाचा नाही.”

त्या उठल्या, देवाजीवर वाकल्या आणि वळून म्हणाल्या, “लघवी तपास. आत्ताच.”

लघवीतली साखर तेव्हा अशी तपासत: परीक्षानळीत निळे द्रावण, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. साखर नसेल तर निळे निळेच राहते. आमचे हिरवे झाले, पिवळे झाले आणि विटेसारखे लाल होऊन थांबले.

देवाजीला मधुमेह होता, कोणालाच न कळलेला. साखर वापरता न आल्याने शरीर स्वतःची चरबी जाळत होते. तो गोड वास त्याचा होता.

डॉक्टर ओपीडी सोडून आले. सलाइन लागले, इन्सुलिन दिले, जीपमधून त्याला भंडाऱ्याला हलवले. जीप निघाल्यावर त्यांनी तो कागद पुन्हा मागून घेतला आणि पूर्ण वाचला.

“हे सातव्या ओळीत का होतं?” त्यांनी विचारले.

देवाजी वाचला. तिसऱ्या दिवशी त्याचे कपडे न्यायला यशोदा आली. कंपाउंडरांनी तिला बाकावर बसवले, स्वतः पाण्याचा पेला आणून दिला. “बाई, तुमीच खरं सांगून राह्यल्या होत्या,” एवढेच म्हणाले.

पुढच्या शनिवारी मी शेवटच्या पानावर लिहिले, ‘गुण: नाक. दोष: ते सातव्या ओळीत पोहोचते.’ मेश्राम सिस्टरांनी खाली फक्त सही केली.

पुढे मीही ट्यूटर झाले. विद्यार्थिनींच्या उपमा मी कधी खोडल्या नाहीत. खरी उपमा उचलून पहिल्या ओळीत ठेवायला लावली. माझ्या त्या नोंदीच्या आधीच्या सहा ओळी मला आजही पाठ आहेत. चांगल्या आहेत. पाऊण तास त्यांनीच खाल्ला.