आधी वारा, मग वास

कर्णिककाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला दुकानात होते. मेडिकलच्या काउंटरवर सकाळची गर्दी, हातात कुणाचं तरी प्रिस्क्रिप्शन आणि मोबाइल खांद्याशी दाबलेला. आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या मंगलाताई बोलत होत्या. "शुभा, काका गेले गं... खुर्चीतच. दूधवाल्यानं बेल मारली, दार उघडेना, म्हणून मी किल्ली घेऊन वर गेले. शांत बसलेले, समोर कपात चहा तसाच." माझ्या तोंडून निघून गेलं, "चहा? काकांनी चहा केला?" त्या चिडल्याच. "अगं, माणूस गेला आणि तू चहाचं काय घेऊन बसलीस!" चुकलं नव्हतं त्यांचं. पण गेली काही वर्षं या माणसानं चहाला तोंड लावलं नव्हतं, आणि का लावलं नव्हतं ते मला पक्कं ठाऊक होतं. दुकानाचे शेठ सिंधी, मला अदी म्हणतात, म्हणजे ताई. माझा चेहरा बघून म्हणाले, "अदी, तू निकल. दुकान मैं देखता हूँ." घरी जाताना रडू येत होतं आणि मधेच डोक्यात तोच किडा वळवळत होता, की चहा का केला असेल? डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. आज त्याला महिना होऊन गेला, तरी तो किडा काही गेलेला नाही.

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, आमचं आणि काकांचं. त्यांची गॅलरी आणि आमची स्वयंपाकघराची खिडकी इतकी जवळ, की फोडणी आमच्याकडे पडली तर शिंक त्यांना यायची. काका रंगाच्या कंपनीत केमिस्ट. लग्न केलं नाही. उभी हयात प्रयोगशाळेत काढली आणि तिथून काय आणलं, तर नाक. आमच्या गावात राहणाऱ्याला सांगायला नको, संध्याकाळ झाली की कुठून तरी कंपनीचा वास सुटतो. कधी सडक्या अंड्याचा, कधी जळक्या रबराचा, कधी उगाच गोडसर. घराघरातून खिडक्या धडाधड लागतात. आणि आमच्या इमारतीत त्याच वेळी हाका सुरू व्हायच्या, "काका, आज कसला हो?" काका गॅलरीत यायचे, पण नाक वर करायच्या आधी खिशातला रुमाल काढून कठड्यावर धरायचे. रुमाल कुठे उडतो ते बघायचे. "आधी वारा, मग वास," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुठून आला ते कळल्याशिवाय काय आलं ते सांगू नये म्हणायचे. मी शाळेत असताना एकदा तोऱ्यात सांगून टाकलं, "अमोनिया!" काकांनी रुमाल धरला आणि म्हणाले, "वारा तळमजल्याकडून आहे, शुभे. मंगलाताईंनी केसांना कलप लावलाय." सगळी इमारत हसली. मंगलाताई तेव्हा नव्यानंच सासरी आलेल्या, महिनाभर काकांशी बोलल्या नाहीत.

असल्या माणसाच्या आयुष्यात तो आजार आला. बाकी आम्ही सगळे घाबरून गळाठलो होतो, दुधाच्या पिशव्या साबणानं धूत होतो, भाजीला ऊन दाखवत होतो. काका घाबरले नव्हते असं नाही, पण त्यांच्या भीतीपेक्षा त्यांची चौकशी मोठी. मी दुकानातून आले की जिन्यात लांब उभे राहून विचारायचे, "आज काय खपलं? तापाच्या गोळ्या की खोकल्याचं औषध? खोकला कोरडा सांगतात की कफाचा?" मी दमलेली असायचे, म्हणायचे, "काका, मला आधी आंघोळ करू द्या हो." एकदा त्यांनी आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन उदबत्ती लावली आणि ती हातात धरून कोपऱ्याकोपऱ्यात उभे राहिले. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना वाटलं पूजा चाललीये. काका म्हणाले, "बघ रे, मी इथे उभा आणि धूर सोफ्यामागे जाऊन बसला. माणसाचा श्वास असाच जात असणार. पिशव्या काय धुताय, खिडक्या उघडा!" तेव्हा लोक हे मानत नव्हते. पुढे सगळेच तसं सांगायला लागले. मला अजून नवल वाटतं, एवढं कळलेल्या माणसानं स्वतः काय केलं त्याचं.

काय केलं, तर अण्णांशी बुद्धिबळ खेळले. रोज संध्याकाळी, आमच्याच बाहेरच्या खोलीत. दोघेही घरातच असतात मग काय होतंय, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. आणि संध्याकाळ झाली की अण्णा उठून खिडक्या लावायचे. कंपन्या बंद होत्या, महिनाभर वासाचा मागमूस नव्हता, पण चाळीस वर्षांची सवय हातात होती. दिवे लागले की खिडकी लागलीच पाहिजे! काकांच्याही लक्षात आलं नाही. त्यांनीही चाळीस वर्षं हेच केलेलं.

एका संध्याकाळी काका डाव संपवून निघताना दारातून मला म्हणाले, "शुभे, हवा काय शुद्ध झालीये गं आपली! आज कसलाच वास नाही. अगदी कसलाच नाही." किती खूश होते! मीही म्हटलं, "हो ना, काका, महाबळेश्वर झालंय अंबरनाथचं." दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून त्यांची आरोळी आली. बामची डबी उघडून नाकाशी धरून उभे होते. "सगळ्यांनी दारं लावून घ्या! हवा शुद्ध नाही झालेली, माझं नाक गेलंय!" त्या आवाजात भीती तर होतीच, पण नवीन काहीतरी सापडल्याचा आनंदही होता, शपथ सांगते. अंबरनाथच्या माणसानंच अशी चूक करावी. दुसऱ्या गावात वास गेला तर माणूस डॉक्टरकडे जाईल, आमच्याकडे तो कंपन्यांना दुवा देतो.

दोनच दिवसांनी अण्णांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर चौऱ्याऐंशी. आणि अण्णा मला पोह्यात शेंगदाणे कमी पडल्याचं सुनावत होते! दम नाही, धाप नाही, ओठ तेवढे निळसर. यंत्र बिघडलंय म्हणून मी ते स्वतःला लावून बघितलं, नव्व्याण्णव. मला काहीही होत नव्हतं. तपासणीत मात्र मीही पॉझिटिव्ह निघाले, लक्षण एकही नाही. अण्णांना नेलं. नवव्या दिवशी फोन आला. चेहरासुद्धा धड बघायला मिळाला नाही मला... काकांना थोडा ताप आला आणि ते विलगीकरणातून चालत परत आले. ते जिना चढत असताना मी वरून ओरडले. शब्द अजून आठवतात. "तुम्हाला सगळं शहाणपण ठाऊक होतं ना? तुम्हीच आणलंत. तुम्ही माझा बाप नेलात!" काका कठडा धरून उभे राहिले. मग कुलूप काढून आत गेले. दुसरं कुणी असतं तर मीही चार शब्द ऐकले असते.

वर्षभर आमचं बोलणं बंद. खिडकी समोर आणि बोलणं बंद, हे फार कठीण असतं. मग एक दिवस मंगलाताई दुकानातून आणायची यादी घेऊन आल्या, निलगिरीचं तेल, लवंगेचं तेल, गुलाबाचा अर्क. मी म्हटलं, "काकांसाठी ना? कशाला हे?" त्या म्हणाल्या, "तूच विचार." विचारायला गेले ते तिथेच बसले. काकांनी चार बाटल्या खिडकीत मांडल्या होत्या, तीन तळाला आलेल्या, चौथीत लिंबाची साल. सकाळ-संध्याकाळ एकेक नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि तो वास आठवायचा. नाकाला पुन्हा शाळेत घालायचं. "नाक परत आलंय गं, पण खोटं बोलतं," काका म्हणाले. "लवंग जरा कळते. लिंबू साबणासारखं. आणि चहा... चहाला जळक्या रबराचा वास येतो. तोच, आपल्या संध्याकाळचा!" हसले, पण डोळ्यांत पाणी होतं. या माणसाचं नाकाशिवाय दुसरं काय होतं हो? म्हणून चहा सुटला. मी भांडले होते त्याचा त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. रोज दुकानातून आले की मी विचारायचे, "आज कुठला तास झाला?" आणि ते शाळकरी पोरासारखे सांगायचे, गुलाब नापास, निलगिरी काठावर पास.

खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती लिहायला मला जड जातंय. दुकानात आजाराच्या दुसऱ्या लाटेनंतर लोक बरे होऊन यायचे आणि आपली कहाणी सांगायचे. सगळ्यांची चाल एकच. पहिले चार-पाच दिवस नुसती कणकण, तोंडाची चव जाते, आणि दम लागायचा तो सातव्या-आठव्या दिवशी. शंभरदा ऐकलं असेल. मग एका सकाळी आमटीला लसणाची फोडणी देत होते आणि हात तसाच राहिला. अण्णा! काकांचं नाक जायच्या पाच-सहा दिवस आधी अण्णा जेवताना म्हणाले होते, "शुभे, हा लसूण आहे की गवत?" मी म्हटलं होतं, "नखरे पुरे, जेवा." आणि अण्णांचा ऑक्सिजन उतरला तो काकांच्या मागून दोनच दिवसांनी. म्हणजे आजार अण्णांना आधी होता, काकांना नंतर. अण्णा तर उंबरा ओलांडत नव्हते. मग अण्णांना कुणाकडून? रोज काउंटरवर उभं राहून खोकणाऱ्यांना औषध देऊन घरी कोण येत होतं? लसूण करपून काळा झाला तरी मी उभीच होते.

तशीच काकांकडे गेले. विचारलं, "अण्णा खेळताना कधी म्हणाले होते तुम्हाला, की जेवणाला चव नाही म्हणून?" काका बाटलीचं बूच लावत बसले. म्हणाले, "तुझ्या बापाला कधी कुणाच्या हातची चव पटली होती?" मी म्हटलं, "काका, खरं सांगा. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मी जिन्यात एवढं बोलले, तेव्हाही ठाऊक होतं. कुणाकडून कुणाला गेलं?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या दिवसांत वारा पडला होता गं, शुभे. वारा पडला की काही सांगता येत नाही." आणि गुलाबाची बाटली उचलून डोळे मिटून बसले. मी खाली मान घालून परत आले. तो मे महिना होता, आणि मे महिन्यात आमच्याकडे संध्याकाळी वारा कधी पडत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

परवा त्यांचा पुतण्या घर आवरायला आला. "ताई, तुम्हाला काय हवं ते घ्या," म्हणाला. मी चारही बाटल्या घेतल्या. मग स्वयंपाकघरात गेले. मंगलाताईंनी त्या दिवशी कप धुऊन ठेवला होता, पण ओट्याच्या कोपऱ्यात गाळणं तसंच राहिलं होतं. त्यात चहापत्ती, ठेचलेलं आलं आणि गवती चहाची पाती, वाळून कडक झालेली. पाती माझ्याच खिडकीतल्या कुंडीतली, त्यांच्या गॅलरीतून हात घालून तोडलेली. आलं आणि गवती चहा! ज्याला वास येत नाही तो माणूस एवढा खटाटोप करेल का? की वास येतो का ते बघायलाच केला होता? पहिला तास पास झाला होता का, काका? कप भरलेला होता म्हणे. मग प्यायच्या आधी नुसता वासच घेत बसले होते का? विचारायचं कुणाला... शेवटची चौकशी त्यांनी माझ्यावर टाकली आणि निघून गेले.

मी काकांच्या गॅलरीत उभी होते. संध्याकाळ झाली होती, खिडक्या लागायला लागल्या. खालून मंगलाताईंनी सवयीनं मान वर केली, मला बघितलं आणि जरा थांबून म्हणाल्या, "शुभा, काहीतरी जळतंय का गं? कसला वास?" काकांचा रुमाल कठड्यावरच्या दोरीला वाळत घातलेला होता. मी तो काढला, काका धरायचे तसा दोन बोटांत धरला. वारा चांगला होता. रुमाल आमच्या स्वयंपाकघराकडून काकांच्या दाराकडे उडत होता. गॅसवर आमटी ठेवून मी इकडे आले होते.

"आमच्याकडूनच येतोय, मंगलाताई," मी म्हटलं. "आमच्याच घरातून."