दुपारचं पाणी

सासूबाई गावाहून अमेरिकेत, पार्सिपनीला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा माझं लग्न नवीन होतं. इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे माझं मराठी तोकडं. चुकेल म्हणून मी गप्प राहायचे आणि बघायचे. दुपारच्या जेवणात त्यांच्यासमोर ठेवलेला पाण्याचा ग्लास तसाच भरलेला उरायचा. उन्हाळ्यात इकडे अंधार उशिरा पडतो. त्या खिडकीकडे बघत बसायच्या आणि दिवे लागले की तांब्याभर पाणी एका दमात प्यायच्या.

शेवटी धीर करून विचारलं, "आई, तुम्ही दिवसा पाणी का पीत नाही?"

"दिवसा प्यायलं तर जायचं कुठं गं?" म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

आमच्याकडे दोन बाथरूम होती. गावाकडच्या घरीही नुकताच संडास बांधला होता. त्याआधी तिथल्या बायका उजाडायच्या आत, नाहीतर अंधार पडल्यावर ओढ्याकडे जायच्या.

"गावाकडं तुझ्या थोरल्या जावेची पोरगी बघ," त्या म्हणाल्या. "साबण लावल्याबिगर ताटाला हात लावू देत नाही. मलासुद्धा दटावते! तहान लागली की घटाघटा पिते, भर दुपारी. बघून बरं वाटतं. माझ्या पोटाला मात्र संडास बांधल्याचं अजून कळलेलंच नाही."

ऑगस्टमध्ये त्यांना थंडी वाजून ताप आला. लघवीला जळजळ होते, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दवाखान्यात त्यांनी मुलाला बाहेर बसवलं, म्हणून भाषांतर माझ्याकडे आलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतकं कमी पाणी कधीपासून पितात?

"न्हाण आलं तेव्हापासून."

इंग्रजी माझ्या सवयीचं, तरी ते सांगताना मला वेळ लागला. बाई लिहायच्या थांबल्या. रिपोर्ट आले तेव्हा कळलं, पुन्हा पुन्हा झालेल्या इन्फेक्शननी दोन्ही किडन्या बऱ्याच खराब झाल्या होत्या.

आता भरपूर पाणी प्या, असं सांगितलं होतं. मी ग्लास भरून समोर धरायचे, त्या औषधासारखा संपवायच्या. परत जायच्या सुमाराला मात्र स्वतःच मागू लागल्या. "एवढं गोड लागतं होय गं दुपारचं पाणी?"

पुढच्या वर्षी त्यांचं डायलिसिस सुरू झालं. मी फोन केला तेव्हा मागे नात कुणाला तरी हात धुऊन यायला दटावत होती.

"डॉक्टर म्हणतात, आता पाणी मोजूनच प्यायचं," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता कुठं सवय लागली होती गं."